घरातील छायाचित्र आणि इंजिनाची चाके

(मंगळवेढा येथील एका वाचनालयात भरलेल्या जुन्या कौटुंबिक छायाचित्रांच्या प्रदर्शनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावाच्या वेशीला आगगाडीचे रूळ कधी लागले नाहीत, त्या गावात आगगाडीच्या इंजिनावर व्याख्यान ठेवण्याचे धाडस आपल्या वाचनालयाने केले, याबद्दल प्रथम मी आपले अभिनंदन करतो. मंगळवेढे म्हटले की दामाजीपंतांची धान्याची कोठारे आठवतात, चोखोबा आणि कान्होपात्रा आठवतात, काळ्या जमिनीतली टपोरी ज्वारी आठवते. इंजिन कोणालाच आठवत नाही. तरीही या प्रदर्शनासाठी घराघरांतून जी छायाचित्रे आली, त्यांत आगगाडीची किंवा इंजिनाची छायाचित्रे एकाहून अधिक निघाली, आणि ‘हे इंजिन कोणते, कोठले आणि कोणत्या साली?’ असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांनी मला विचारला. आजचे बोलणे त्या प्रश्नापुरतेच आहे.

मी काही रेल्वेचा अभियंता नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातला अधिकारी. परंतु आमच्या खात्यात छायाचित्राखालची ओळ लिहिण्याचे काम नित्याचे असते. कोण, कोठे, केव्हा या तीन शब्दांची उत्तरे त्या एका ओळीत द्यावी लागतात, आणि छायाचित्र कितीही सुंदर असले तरी ती ओळ खात्रीची नसेल तर ते छापता येत नाही. घरगुती छायाचित्रांची अडचण अशी की, त्यांतील माणसे ओळखणारी माणसे एकेक करून निघून जातात. कपड्यांवरून काळ सांगावा तर धोतर, कोट आणि पागोटे यांत चाळीस वर्षांत फारसा फरक पडत नाही. मागे झाड असेल तर झाडाला सन नसतो. परंतु इंजिनाला सन असतो. ते कोणत्या तरी कारखान्यात, कोणत्या तरी वर्षी तयार झालेले असते, त्यापूर्वी ते अस्तित्वातच नसते, आणि पुढेमागे त्याच्यावरची अक्षरे आणि क्रमांकही बदलले जातात. म्हणून ज्या छायाचित्रात इंजिन आहे, त्यातील माणसांचा काळ ठरविण्यास इंजिनासारखा दुसरा साक्षीदार नाही.

मंगळवेढ्यापासून बैलगाडीने निघालेला मनुष्य आगगाडी गाठण्यासाठी कोठे कोठे जाऊ शकत होता, याचा विचार आधी केला पाहिजे. उत्तरेकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडची जी. आय. पी. रेल्वे होती. तिचे रूळ १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोचले. ही रुंद मापाची लाईन, ब्रॉडगेज. पूर्वेला सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची लाईन १८८४ पासून चालू झाली. ती मीटरगेज. पश्चिमेकडे मिरजेलाही त्याच कंपनीची मीटरगेज होती, आणि १९०७ मध्ये सांगली संस्थानने मिरज ते सांगली असा आपला स्वतःचा छोटा फाटा काढला. हा तपशील मंगळवेढेकरांना परका वाटू नये, कारण हा तालुका १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानचाच होता, आणि संस्थानच्या कामासाठी येथील माणसांचे सांगली-मिरजेला जाणे-येणे होते. चौथी वाट सर्वांत जवळची. पंढरपूर. तेथे होती आपली ‘बार्शी लाईट’.

म्हणजे एका तालुक्याच्या भोवती तीन मापांचे रूळ होते! मिरज स्थानकात तर १९२७ नंतर मीटरगेज आणि नॅरोगेज, आणि पुणे-कोल्हापूर मार्ग रुंद झाल्यावर, १९७१ च्या सुमारास, ब्रॉडगेज अशी तिन्ही मापे नांदू लागली. तेव्हा घरातील छायाचित्र हाती घेतल्यावर पहिला प्रश्न ‘इंजिन कोणते’ हा नसून ‘रूळ कोणते’ हा आहे.

त्यासाठी फूटपट्टी लागत नाही, छायाचित्रातला माणूसच फूटपट्टी होतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. आपल्याकडचा मध्यम उंचीचा पुरुष रुळांवर आडवा निजला तर डोके एका रुळाशी आणि टाचा दुसऱ्या रुळाशी येतील. मीटरगेज एक मीटर, म्हणजे त्याच माणसाच्या बेंबीइतके. आणि बार्शी लाईटचे माप अडीच फूट, ७६२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम मांडीपर्यंत. इंजिनासमोर जो मनुष्य उभा असेल त्याच्या उंचीशी त्याच्या पायांजवळचे रूळ ताडून पाहावेत. रूळ गवतात किंवा खडीत लपले असतील तर इंजिनाचा पुढचा आडवा तुळा पाहावा. ब्रॉडगेजच्या इंजिनाला त्या तुळ्याच्या दोन टोकांना दोन गोल बफर असतात. मीटरगेजला आणि नॅरोगेजला मधोमध एकच. ही खूण मुलांनाही सांगून ठेवण्यासारखी आहे. एक बफर आणि दोन बफर एवढ्यावरच निम्मा गोंधळ मिटतो. नॅरोगेजचे इंजिन आणखी एका गोष्टीने ओळखू येते. रुळांच्या मानाने त्याचे अंग फार रुंद दिसते. अरुंद पाटावर धष्टपुष्ट मनुष्य बसावा तसे.

दुसरी पायरी चाके मोजण्याची. इंजिनांची जात चाकांवरून सांगण्याची एक सर्वमान्य रीत आहे. पुढची लहान चाके, मधली दांड्यांनी एकत्र जोडलेली मोठी चाके आणि मागची लहान चाके असे तीन आकडे ओळीने लिहितात. छायाचित्रात एकच बाजू दिसते, म्हणून दिसतील तेवढी चाके मोजून दुप्पट करावीत. पुढे एक लहान, मध्ये चार जोडलेली, मागे एक लहान असे दिसले तर २-८-२. पुढे लहान चाक नाहीच, मध्ये चार, मागे दोन, तर ०-८-४. काही इंजिनांत लोखंडी चौकट चाकांच्या बाहेरून असते आणि चाके झाकली जातात. अशा वेळी चाकांऐवजी दांड्यांना जोडणारे क्रँक मोजावेत. त्यानंतर कोळसा-पाणी कोठे आहे ते पाहावे. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या चौकोनी टाक्या असतील आणि मागे वेगळा डबा नसेल तर ते टँक इंजिन. मागे कोळशाचा आणि पाण्याचा स्वतंत्र डबा जोडलेला असेल तर ते टेंडरचे इंजिन. एवढी दोन कामे झाली की पुष्कळ उलगडते.

चाकांना एवढे महत्त्व का, हे बार्शी लाईटच्या जन्मकथेवरून समजते, आणि ती कथा आपल्या जिल्ह्याची असल्याने मी थोडी विस्ताराने सांगणार आहे.

बार्शी ही धान्याची आणि कापसाची मोठी पेठ. परंतु जी. आय. पी. ची लाईन बार्शी शहराला बगल देऊन गेली आणि स्थानकाला नाव मात्र ‘बार्शी रोड’ असे मिळाले. स्थानकापासून पेठेपर्यंत सुमारे एकवीस मैल बैलगाडीचा रस्ता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज अभियंता जी. आय. पी. मध्ये इंजिनांची तपासणी करण्याच्या कामावर होता. हे एकवीस मैल लहान मापाच्या आगगाडीने जोडावेत असा प्रस्ताव त्याने १८८७ पासून लावून धरला. अखेर १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही लाईन सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये तिचा फाटा पंढरपूरला आला, १९११ मध्ये दुसऱ्या बाजूने ती लातूरला पोचली, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी मुलखातून मिरजेला जाऊन मिळाली. लातूर ते मिरज सगळी मिळून लांबी सुमारे २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर.

कॅलथ्रॉपचा विचार साधा होता. लाईन स्वस्तात करायची तर रूळ हलके हवेत. त्याने वारी अवघे ३० पौंड वजनाचे रूळ घातले. हलक्या रुळांवर जड इंजिन चालत नाही आणि हलक्या इंजिनाला ओढ नसते. यावर त्याने काढलेला उपाय असा की, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, पण आसांची संख्या वाढवायची. चार आस दांड्यांनी एकमेकांस जोडले की ओढीच्या उपयोगाला वीस टन वजन मिळते, आणि रुळाला मात्र कोठेही पाच टनांपेक्षा जास्त जाणवत नाही. एकट्याच्या डोक्यावर पोते देण्याऐवजी चौघांनी पालखी उचलावी, तसा हा हिशेब आहे. डबे आणि मालवाघिणी यांनाही त्याने तोच नियम लावला. ही सामग्री इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून लोकांना चालवून दाखविली होती, आणि हिंदुस्थानातील पुढच्या कित्येक लहान लाईनींनी बार्शीचा कित्ता गिरविला. याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडातील लीक आणि मॅनिफोल्ड या छोट्या लाईनीचे काम केले. ती १९०४ मध्ये सुरू झाली, मापही बार्शीचेच, अडीच फूट, आणि १९३४ मध्ये बंदही पडली. आपली बार्शी लाईट तिच्या आधी जन्मली आणि तिच्यानंतर पाऊणशे वर्षांच्या आसपास टिकली! कॅलथ्रॉप उत्तरायुष्यात विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्रीच्या मागे लागला, आणि त्याने केलेल्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’ होते. पण तो आपला विषय नव्हे.

आता या लाईनीवरची इंजिने. पहिली पाच इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याने बांधली. ती ए वर्गाची, ०-८-४, टँक इंजिने. त्यानंतरची बी वर्गाची ४-८-४, तीही टँकच. म्हणजे आरंभीच्या काळात बार्शी लाईटची मोठी गाडी ओढणारे इंजिन बहुधा अंगावर पाणी बाळगणारे असे. पुढे अंतरे वाढली. पंढरपूरपासून मिरजेपर्यंतचा मुलूख पाण्याच्या दृष्टीने कसा आहे हे मी मंगळवेढेकरांना सांगायला नको. अंगावरच्या टाक्यांत मावेल तेवढ्या पाण्यावर लांब पल्ला मारणे अवघड. म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, मिरजेच्या लाईनीच्या वेळेला, मँचेस्टरजवळच्या नॅस्मिथ विल्सन कारखान्याची एफ वर्गाची इंजिने आली. ती २-८-२, आणि त्यांच्या मागे कोळसा-पाण्याचा वेगळा टेंडर. त्यानंतरची स्टॅफर्डच्या बॅगनॉल कारखान्याची जी वर्गाची इंजिनेही २-८-२ आणि टेंडरचीच. थोडक्यात, बार्शी लाईटच्या छायाचित्रात बॉयलरला टाक्या लगटलेल्या असतील तर काळ जुना असण्याचा संभव आहे, परंतु खात्री नाही, कारण जुनी इंजिने नवी आल्यावरही राबतच असतात. उलट, आठ जोडलेल्या चाकांचे २-८-२ इंजिन आणि मागे टेंडर दिसला, तर ते छायाचित्र १९२० च्या आधीचे मुळीच नाही. छायाचित्र कधीच्या ‘आधीचे नाही’ हे इंजिन पक्के सांगते. कधीच्या ‘नंतरचे नाही’ हे सांगायला दुसरा साक्षीदार शोधावा लागतो.

तो साक्षीदार बहुधा अक्षरांच्या रूपाने भेटतो. टाकीवर, टेंडरवर किंवा पुढच्या तुळ्यावर कंपनीच्या नावाची आद्याक्षरे असतात. सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एक होऊन एम. एस. एम. झाली, आणि एप्रिल १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेली. जी. आय. पी. ची मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी झाली. बार्शी लाईट त्यानंतरही काही काळ लंडनच्या कंपनीचीच राहिली. सरकारने ती १९५४ मध्ये विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली. तेव्हा बी. एल. आर. ही अक्षरे असतील तर छायाचित्र साधारणपणे १९५४ च्या अलीकडे येत नाही. रंग पुन्हा काढायला वर्ष-दोन वर्षे लागत, तेवढी सूट द्यावी.

ब्रॉडगेजच्या छायाचित्रांना एक सोय अधिक आहे. ज्याचे नाक बंदुकीच्या गोळीसारखे गोल आहे ते डब्ल्यू. पी. इंजिन. ही जात १९४७ पासूनची. चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेली मालगाडीची डब्ल्यू. जी. इंजिने १९५० नंतरची, आणि त्यांतले शेवटचे, ‘अंतिम सितारा’, १९७० मध्ये बाहेर पडले. आपल्या प्रदर्शनातले, लग्नाच्या वऱ्हाडामागे सोलापूर स्थानकात उभे असलेले जे गोल नाकाचे इंजिन आहे, त्यावर यापेक्षा अधिक बोलण्याची गरज नाही. वऱ्हाडाने पत्रिका जपून ठेवली आहे, तारीख तिच्यावर आहे.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. जुन्या काचेच्या प्लेटा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. तांबडा रंग त्यांच्यात काळा उतरे आणि निळा फिका होई. म्हणून ‘इंजिन काळे होते’ असे छायाचित्रावरून म्हणू नये. काच उलटी ठेवून प्रत काढली गेली तर डावे उजवे होते. अक्षरे किंवा आकडे दिसत असतील तर ते लगेच कळते. नसतील तर कोटाची गुंडी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, भिंतीवरच्या तसबिरीवर विसंबू नये. पूर्वी लहान छायाचित्रातील एकच चेहरा मोठा करून देण्याचा धंदा फार चाले. चेहरा धूसर आला की कलाकार कुंचल्याने भुवया काढी, मिशा भरी, पागोट्याला जरीची किनार लावी. ती तसबीर घराची शोभा आहे, परंतु पुरावा नव्हे. पुरावा ट्रंकेत तळाशी असतो.

अशाच एका छायाचित्राबद्दल आता सांगतो. त्या कुटुंबाने बोलण्याची परवानगी दिली आहे. नावे मी घेणार नाही.

छायाचित्र पोस्टकार्डाएवढे. एका बाजूच्या रुळावर उभे असलेले इंजिन, त्याच्यासमोर सात माणसे आणि एक मुलगा. पुढच्या तुळ्यावर हात ठेवून, दुसऱ्या हातात लांब चोचीची तेलदाणी घेऊन एक तरुण उभा आहे. त्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. घरातील सांगणे असे की, १९०६ साली पंढरपूरला जी पहिली गाडी आली तिच्यावर घरातील एक पूर्वज कामाला होते, हे ते छायाचित्र आणि तेलदाणीवाले तेच पूर्वज. या दाण्याएवढ्या चेहऱ्यावरून पन्नास-साठ वर्षांपूर्वी मोठी तसबीर करून घेतलेली आहे, आणि पितृपक्षात तिला हार घातला जातो. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने मोडीत काही लिहिले आहे. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ते वाचले. ‘पहिली गाडी’ हे दोन शब्द स्पष्ट आहेत. त्यांच्या आधीचा शब्द बोटांनी पुसला गेला आहे.

रूळ मांडीइतके, बफर मधोमध एक. तेव्हा बार्शी लाईट, यात शंका राहिली नाही. पण चाके मोजली तर पुढे एक लहान, मध्ये चार, मागे एक लहान, आणि मागे टेंडर. २-८-२. टेंडरवरचे पहिले अक्षर इंग्रजी ‘बी’, पुढची अक्षरे एका माणसाच्या छत्रीने झाकलेली. म्हणजे १९०६ साली हे इंजिन जन्मलेच नव्हते. छायाचित्र १९२० नंतरचे, बहुतकरून १९२७ च्या आगेमागे किंवा त्याहूनही नंतरचे, आणि १९५४ पूर्वीचे.

घरातील वयोवृद्ध आजींना हे सांगणे सोपे नव्हते. त्या म्हणाल्या, “साहेब, आमच्या मामंजींनी सांगितलेलं खोटं कसं असेल?” मी म्हटले, “आजी, ते खोटं नसेलच. फक्त ते या छायाचित्राबद्दल नसेल.” मग त्यांनीच नातवाकडून माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली. तिच्यात मामंजींची जन्मपत्रिका होती. शके १८२२. म्हणजे इसवी सन १९०० च्या सुमाराचा जन्म. मामंजी १९०६ साली सहा वर्षांचे होते, आणि मिरजेची लाईन सुरू झाली त्या साली सत्तावीस वर्षांचे. तेलदाणीवाला तरुण दिसतोही तेवढाच. पहिल्या गाडीवर काम करणारे ते मामंजींचे वडील असणार. छायाचित्रात उभे आहेत ते बहुधा मामंजी स्वतः. बापलेक दोघेही बार्शी लाईटवर होते, हे घरात ठाऊक होते. बापाची गोष्ट आणि मुलाचे छायाचित्र एका तसबिरीत कधी मिसळले, हे कोणाला कळले नाही.

‘पहिली गाडी’ म्हणजे मग कोणती? मिरजेला गेलेली पहिली गाडी असेल. पण रेल्वेत काम करणाऱ्याच्या तोंडी ‘पहिली गाडी’ म्हणजे रोजची सकाळची पहिली गाडीही असते. पुसलेला शब्द वाचता येत नाही तोवर मी यापुढे जाणार नाही, आणि प्रदर्शनातल्या ओळीतही ते तसेच लिहिले आहे.

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर भिंग मागून घेऊन त्यांनी ते लहान छायाचित्र पाहिले. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा मामंजी साठीच्या जवळ होते. त्या म्हणाल्या, “उभं राहण्याची ढब त्यांचीच आहे. एका पायावर भार टाकून उभे राहायचे.” आणि थोड्या वेळाने, “मग आजेसासऱ्यांचा फोटो आपल्याकडे नाहीच म्हणायचा.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे ज्यांना आपण हार घालतो ते ते नव्हेत, आणि जे ते होते त्यांचा चेहरा कोठेच नाही, ही गोष्ट चाकांच्या संख्येवरून एखाद्या घराला कळावी, हे हलके नव्हे. मी त्यांना एवढेच सांगितले की, तसबीर हलवायची की नाही हे घराने ठरवावे. इंजिन त्याबद्दल काही म्हणत नाही. तसबीर अद्याप तेथेच आहे असे मला कळते. तिच्याखाली मामंजींचे नाव मात्र लिहिले गेले आहे, आणि त्या नावाच्या वर त्यांच्या वडिलांचे.

आता कोणी म्हणेल, छायाचित्राशिवाय याची कागदोपत्री नोंद मिळणार नाही काय? इंजिनाची मिळते. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर कारखान्याची एक लहान धातूची पाटी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, बांधणीचा अनुक्रमांक आणि बहुधा सालही असते. छायाचित्रात ती वाचता आली तर एका वर्षापर्यंत नेमके जाता येते, कारण कारखाने बंद पडले तरी त्यांच्या अनुक्रमांकांच्या याद्या रेल्वेच्या अभ्यासकांनी राखून ठेवल्या आहेत. किटसनचा कारखाना १९३८ मध्ये मिटला, तरी त्याच्या एकेका इंजिनाचा माग काढता येतो. इंजिनावर तेल घालणाऱ्याची नोंद मिळणे मात्र कठीण. अधिकाऱ्यांच्या नेमणुका छापल्या जात. फायरमन, साफसफाई करणारे, कोळसा फोडणारे, रुळांवर घण मारणारे गँगमन, यांची नावे हजेरीपटावर असत आणि हजेरीपट रद्दीत जात. म्हणून घरातच शोधावे. सेवापुस्तिका, भविष्यनिर्वाह निधीची वही, प्रवासाचा पास, बदलीचा कागद, निवृत्तीच्या वेळचे पत्र, यांतले काही ना काही त्याच ट्रंकेत असते. कागदावर बार्शी लाईट लिहिले आहे की मध्य रेल्वे, एवढ्यावरूनही सालांची एक बाजू बंद होते.

शासनाच्या पातळीवर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेख संचालनालयात रेल्वेविषयक जुना पत्रव्यवहार अभ्यासकांना पाहता येतो. सोलापूर जिल्ह्याचा १८८४ चा गॅझेटियर अनेकांच्या हाताशी असतो, परंतु बार्शी लाईट तिच्यात शोधू नये. ती त्यानंतर तेरा वर्षांनी जन्मली. इंजिने प्रत्यक्ष पाहून चाके मोजण्याचा सराव करावयाचा असेल तर नवी दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, जे १९७७ मध्ये उघडले, तेथे एक दिवस जरूर घालवावा. शाळांच्या सहली दिल्लीला जातातच.

खुद्द लाईनीवर जाऊन मात्र आता काही हाती लागणार नाही. कुर्डुवाडी-पंढरपूर, नंतर २००८ पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी, आणि शेवटी पंढरपूर-मिरज अशी ती टप्प्याटप्प्याने रुंद झाली. आषाढीला वारकऱ्यांनी मालाच्या वाघिणीसुद्धा भरभरून येणारी ती लहान गाडी ज्यांनी पाहिली, अशी माणसे या सभागृहात पुष्कळ आहेत. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो की, रुंद मार्ग झाल्याने प्रवासाचा वेळ वाचला आणि पंढरपूरला थेट लांबच्या गाड्या येऊ लागल्या, हे चांगलेच झाले. माझे म्हणणे एवढेच की, रूळ उचलले गेल्यावर मोजायला उरली ती छायाचित्रांतलीच चाके.

प्रदर्शन रविवारपर्यंत खुले आहे. ज्यांच्या घरी अशी छायाचित्रे असतील त्यांनी ती घेऊन यावीत. चौकटीतली मोठी तसबीर आणू नये, मूळ लहान प्रत आणावी. तिच्या पाठीला गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, आणि पाठीवरचे पेन्सिलीचे मोडी अक्षर पुसट झाले असले तरी त्यावरून शाई फिरवू नये. पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचा शिक्का असेल तर पुठ्ठा कापून टाकू नये. वाचनालयाच्या टेबलावर भिंग ठेवलेले आहे, आणि मोडी वाचणारे शिक्षक रोज सायंकाळी पाच ते सात बसणार आहेत. नव्याने नाव लिहायचे ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्या जागी रेघ ओढावी, अंदाजाने नाव घालू नये.

 कोणाला काही विचारायचे असल्यास अवश्य विचारावे.